कागदाची कापलेली कड

कामेरिनो, ३ ऑक्टोबर १४९८

अन्सोविनो भावोजी,

त्या सकाळी मी आधी कोंबड्या सोडल्या. मग चुलीतली राख चाळून मडक्यात भरली, कारण दुसऱ्या दिवशी राखेच्या पाण्यात कपडे उकळायचे होते. विहिरीच्या दोन खेपा केल्या. मळलेली कणीक दोम्निकाच्या भट्टीवर पोचवली. ती नेहमीसारखी म्हणाली, "निकोलोसा, तुझा पाव म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या विटा गं. कमानीत लाव, शंभर वर्षं हलायचा नाही." परत आले तेव्हा तुम्ही अंगणात खेचरावर खोगीर चढवत होतात. व्हेनान्त्सो पहाटेच लोहाराकडे गेला होता. मोंतालेरेच्या चर्चच्या छताचा कागद टेबलावर पसरलेला होता. तो मी गुंडाळला आणि कातडी नळीत घातला. द्राक्षांच्या रसात आटवलेल्या अंजिरांची एक लहान बरणी बांधून तुमच्या झोळीत ठेवली. तुम्ही म्हणालात, "वहिनी, मी लढाईला नाही चाललो, छत बांधायला चाललोय." मी म्हणाले, "छत बांधणाऱ्यालाही पोट असतंच की." तुम्ही हसलात आणि गेलात. या घरात तुमचं हसणं मी ऐकलं ते तेवढंच शेवटचं.

एकोणीस वर्षांपूर्वीची सकाळ अशी तोंडावर का मारते, असं तुम्हाला वाटेल. सरळ लिहायला जमेना म्हणून तिथून सुरुवात केली. आता सरळ लिहिते. तुमचा भाऊ, माझा व्हेनान्त्सो, गेला. ऑगस्टची एकोणतीस तारीख होती. छातीत कफ साठला होता, अकरा दिवस बसूनच झोपला. शेवटच्या दिवशी दुपारी त्याने खिडकीची झडप थोडी ओढून घ्यायला सांगितली, उजेड डोळ्यांवर येतो म्हणाला. मी झडप ओढून वळले, तोवर संपलं होतं. ती झडप मी अजून तशीच ठेवली आहे. त्याने काही होत नाही, पण उघडवत नाही.

पत्र लिहिण्याचं कारण त्याचं पुस्तक. एकशे बेचाळीस पानं आहेत. कमानी, खांब, पायऱ्यांची गणितं, आणि सारख्या बाजूंच्या त्या पाच घनाकृती. टेकडीवरच्या मठातले फ्रा मानेत्तो दर मंगळवारी येऊन त्याची नक्कल करतात. मठाच्या ग्रंथालयात ती राहील. व्हेनान्त्सोचं अक्षर त्यांना लागत नाही, म्हणून मी वाचून दाखवते. होय, मला वाचता येतं. तुम्ही गेल्यानंतर शिकले.

घनाकृतींची नऊ पानं व्हेनान्त्सोच्या हातची नाहीत. तो कंपास असा दाबायचा की पान उजेडाला धरलं तर मध्यावर चाळणी दिसते. तुम्ही टोकाखाली शिंगाची पातळ चकती ठेवायचात. या नऊ पानांना एकही भोक नाही. बारा पंचकोनांची ती आकृती मी फ्रा मानेत्तोंना दाखवली तेव्हा ते तोंडातलं चेस्टनट चावायचं विसरले. त्यांनी विचारलं, "ही कुणाची?" मी म्हणाले, "माझ्या दिराची." "मग नाव का नाही?" मी पान उलटलं.

त्या पानांखाली तुमचं नाव घालायला हवं. तुमची परवानगी हवी आहे. तुम्हा दोघा भावांत काय झालं ते मला नीट ठाऊक नाही, पण पानं तुमची आहेत हे ठाऊक आहे.

आंकोनाच्या कापडवाल्याबरोबर हे पाठवते. तो म्हणतो समुद्रापलीकडे रागुसात तुम्हाला सगळे ओळखतात. जपून राहा.

निकोलोसा

कामेरिनो, २५ नोव्हेंबर १४९८

भावोजी,

तुमचं उत्तर मिळालं. पाच ओळी आहेत. मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. तुम्ही लिहिता, भाऊ गेल्याचं वाईट वाटलं. लिहिता, आकृत्यांखाली माझं नाव नको, त्या पुस्तकात ते आधीच एका ठिकाणी असणार आणि कुठे ते वहिनींना आता वाचता येत असेल.

येतं वाचता. एकशे सतरावं पान. त्याने मोंतालेरेच्या छताचं चित्र नव्याने काढलं आहे. कडेला मापाची एक रेघ, दोन टोकांना दोन ठिपके, आणि लिहिलंय, कामेरिनोच्या हाताचा पाचवा भाग. ही रेघ बाकी सगळ्या रेघांपेक्षा जाड आहे. तिच्याखाली दोन वाक्यं: "ही रेघ मूळ कागदावर होती. माझा भाऊ अन्सोविनो याने आपली चूक झाकण्यासाठी ती कापून टाकली."

तुम्ही पुढे लिहिलंत की रागुसाच्या लोकांना पाण्याचा मोठा हौद बांधायचा आहे, वर दगडी छत असलेला, आणि काम तुम्हाला द्यायचं त्यांच्या मनात आहे. पण कुणीतरी मोंतालेरेचं छत पडल्याची गोष्ट तिथवर नेली. आता ते कामेरिनोच्या मठाला पत्र लिहून विचारणार आहेत की हा माणूस कसा. कारण छतांचं जे काही लिहिलेलं आहे ते मठात आहे, असं त्यांना कळलंय. म्हणजे माझ्याच पहिल्या पत्रातून कळलं असणार. तुम्ही ते कुणाला दाखवलं असेल, आनंदाने दाखवलं असेल. पाच ओळींत ते दिसत नाही, पण नाहीतर त्यांना कुठून कळणार?

तुमचं वय आता अठ्ठावन्न. आणखी एक मोठं काम तुमच्या हातून व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. मी फ्रा मानेत्तोंना म्हणाले, "ते वाक्य नकलेत नाही घेतलं तर?" ते म्हणाले, "बाई, मी नक्कल करतो. स्वयंपाक नाही करत, की मीठ जास्त झालं तर काढलं."

"पण ते खरं नसेल तर?"

"खरं नाही हे तुम्हाला कसं ठाऊक?"

मी म्हणाले, माझा दीर तसा माणूस नाही. ते म्हणाले, "तसा कुणीच नसतो, छत पडेपर्यंत." आणि मग त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं असावं, कारण जाताना त्यांनी माझी लाकडं आत आणून ठेवली.

तुम्ही तुमच्या परीने फ्रा मानेत्तोंना सगळं लिहा. तुमचं ते ऐकतील. व्हेनान्त्सोने ती रेघ काढलीच नव्हती, तो विसरला, असं तुम्ही म्हणता. तसंच लिहा. मी आणखी काय करू शकते ते मला कळत नाही.

घरात आता दुपारी फार शांत असतं. त्याचा खोकला थांबून तीन महिने होत आले, पण तिसऱ्या प्रहरी अजूनही माझे कान तिकडेच लागतात.

निकोलोसा

कामेरिनो, १२ डिसेंबर १४९८

भावोजी,

मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं. पहिल्यात लिहिलं की तुमच्यात काय झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्यात लिहिलं की मी काय करू शकते ते कळत नाही. दोन्ही मला पक्कं ठाऊक आहे.

काल रागुसाहून मठात पत्र आलं. फ्रा मानेत्तो ते घेऊनच आले. हौदाच्या कामावर देखरेख करणाऱ्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. हा माणूस कारागीर म्हणून कसा? मोंतालेरेचं छत कशाने पडलं? पुरावा झाकला असं म्हणतात ते खरं का? फ्रा मानेत्तो म्हणाले, "पहिल्याला मी नऊ पानं दाखवीन. दुसऱ्या-तिसऱ्याला माझ्याजवळ एकच पान आहे, एकशे सतरावं." उत्तर ते जानेवारीत पाठवणार.

ते गेल्यावर मी दोम्निकाकडे पाव आणायला गेले. ती म्हणाली, "काय गं, पांढरी पडलीस. मंगळवारचे बुवा काय रागावले?" मी म्हणाले, "नाही. मीच मला रागावलेय." ती म्हणाली, "मग चांगलंय. घरातल्या घरात मिटेल." ती हसली. मी घरी आले. आज हे लिहायला बसले.

त्या सकाळची एक गोष्ट मी तुम्हाला लिहिली नाही. कागद नळीत गेला नाही. तो नळीच्या लांबीपेक्षा पाच बोटं जास्त रुंद होता. दोनदा प्रयत्न केला, कड मुडपली. व्हेनान्त्सो कागदांच्या कडा नेहमी छाटायचा, मी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्याची अक्रोडाची पट्टी घेतली, त्याचा चाकू घेतला, आणि डावी कड कापली. फार सरळ कापली गेली. मला बरं वाटलं की मला पण जमतं.

त्या कडेवर एक रेघ होती. दोन टोकांना दोन ठिपके आणि पुढे चार शब्द. मला वाटलं लेखणी नीट चालते का ते बघायला त्याने मारून पाहिली असेल. त्याचे कागद तसल्या रेघोट्यांनी भरलेले असत. तेव्हा मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. कापलेल्या कागदी पट्टीचा तो रेघेचा तुकडा जाड आणि स्वच्छ होता. त्याला तेल लावलं आणि अंजिरांच्या बरणीवर बांधला, शाईची बाजू आत. उरलेला चुलीत घातला.

म्हणजे ती रेघ तुमच्याबरोबर मोंतालेरेला आली होती, भावोजी. तुमच्या झोळीत होती. तुम्ही सुतळी तोडली असेल, कागद फेकला असेल आणि अंजिरं खाल्ली असतील.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, पण मला ते किती उशिरा कळलं ते सांगते. प्रत्येक गावचा हात वेगळा असतो, बाजाराच्या भिंतीत लोखंडी पट्टी ठोकलेली असते तेवढा, हे मला कापड घेताना कळायचं. पण तुमच्या कामातला रिवाज मला माहीत नव्हता. ज्या गावचं काम, त्या गावच्या हाताने चित्र काढायचं. दुसरा हात वापरलाच तर कडेला रेघ काढून सांगायचं. छताच्या दोन भिंती एकमेकींना बांधून धरणाऱ्या लोखंडी सळ्या इथल्या लोहाराकडे घडायच्या होत्या, म्हणून व्हेनान्त्सोने त्या वेळी आपल्या गावचा हात वापरला आणि रेघ काढली. तुम्ही खाणीवरून आदल्या संध्याकाळी आलात. तुमची त्याची धड भेटही झाली नाही. तुम्ही कागद उघडला, कडेला रेघ नाही, तेव्हा त्यांच्या गावचा हात धरलात. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं.

त्यांचा हात आपल्यापेक्षा एका बोटाने मोठा आहे. हे मी नंतर स्वतः मोजलं. हातामागे एक बोट. भिंतींमधलं अंतर बारा हात. म्हणजे भिंती बारा बोटं, अर्धा हात, जास्त लांब उभ्या राहिल्या, आणि सळ्या तेवढ्याच आखूड आल्या. थंडी तोंडावर होती, तुम्ही तिथल्याच भट्टीत जोड मारून घेतला. मार्चमध्ये जोड सुटला. छत खाली आलं, आणि चिरियाकोचा डावा पाय गेला. तो त्या वेळी बावीस वर्षांचा गवंडी होता.

तुम्ही कागद घेऊन घरी आलात ती दुपार मला रोज आठवते. तुम्ही तो टेबलावर आपटलात. "ही बघ. कुठंय तुझी रेघ? दाखव!" व्हेनान्त्सोने कड बोटाने चाचपली. तुम्हाला वाटलं तो शब्द शोधतोय. तो कापलेलं ओळखत होता. तो म्हणाला, "चाकूने कापलीय. अन्सोविनो, कापलीस तू."

"मी? मी कशाला कापू?"

"विसरलास बघायला, आणि मग झाकलंस."

"दादा, आईशप्पथ सांगतो, कागद असाच होता."

"आईला मध्ये आणू नकोस. ती गेली ते बरं झालं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात वालाच्या आमटीचा डाव होता. आमटी डावातून फरशीवर गळत होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "वहिनी, तुम्हीच नळीत घातलात ना कागद? होती का रेघ?" मी म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं." ते खरंच होतं, आणि तरी ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं होतं. कारण त्या क्षणी मला कळलं होतं.

मोंतालेरेच्या गवंडी-संघाने व्हेनान्त्सोचं ऐकलं. तुमचं नाव यादीतून काढलं. तुम्ही समुद्रापार गेलात. तो विसरला असं तुम्ही समजत राहिलात, तुम्ही लबाडी केली असं तो समजत राहिला. दोघांनाही आपापलं खरं वाटत होतं. खरं काय ते फक्त माझ्याकडे होतं.

का बोलले नाही, ते मी फार वेळा स्वतःला विचारलं. आधी भीती. त्या मुलाचा पाय गेला होता आणि ते मी केलं होतं. मग, आठवडा गेला आता कसं सांगू. मग वर्ष गेलं. मग असं झालं की सांगितलं तर त्याला दोन गोष्टी एकदम कळतील, कड कापल्याची आणि गप्प राहिल्याची, आणि दुसरी तो सहन करणार नाही. तो माझ्याशी कधी वाईट वागला नाही, भावोजी. ते मला गमवायचं नव्हतं.

वाचायला मी त्याच वर्षी शिकले. त्या पट्टीवर काय लिहिलं होतं ते कळावं म्हणून. पट्टी नव्हती, पण ते चार आकार माझ्या डोळ्यांपुढे होते. त्याचे कागद शिकायला सोपे. ज्याचं नाव लिहिलेलं असतं ते शेजारीच काढलेलं असतं. कमानीजवळ कमान, खांबाजवळ खांब. वर्षभराने एका जुन्या कागदावर तशीच रेघ सापडली, तेच चार शब्द. कामेरिनोच्या हाताचा पाचवा भाग. मी अंगणात जाऊन बसले. व्हेनान्त्सो बाहेर आला, म्हणाला, "काय झालं?" मी म्हणाले, "डोळ्यांत धूर गेला."

शेवटच्या अकरा दिवसांत एकदा त्याने तुमचं नाव घेतलं. म्हणाला, "अन्सोविनोचा हात माझ्यापेक्षा चांगला होता." मी त्याच्या पाठीला उशी लावत होते. तेव्हा सांगायला हवं होतं. त्याला ऐकू येत होतं, समजत होतं. मी उशी नीट केली.

आता तुम्हाला सगळं ठाऊक झालं. माफी मागत नाही, तेवढी माझी लायकी नाही. फक्त त्याच्यावर आता राग धरू नका. तो विसरला नव्हता. त्याने रेघ काढली होती.

निकोलोसा

कामेरिनो, १९ जानेवारी १४९९

भावोजी,

माझं मागचं पत्र तुम्हाला पोचलं की नाही कळत नाही. कापडवाला म्हणतो समुद्र खवळलेला आहे, आंकोनाहून फार कमी जहाजं सुटतात. पोचलं असलं आणि तुम्ही उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं असलं, तर तेही मला समजतं. हे पत्र उत्तरासाठी नाही. इथे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं म्हणून.

मागच्या आठवड्यात मंगळवारी फ्रा मानेत्तो रागुसाला पाठवायच्या उत्तराचा मसुदा घेऊन आले. मी त्यांना बसवलं, गरम वाइन दिली, आणि तुम्हाला लिहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी मसुदा घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हे तुम्ही पापांच्या कबुलीत सांगितलंत का कधी?"

"नाही."

"अहो बाई! एकोणीस वर्षं?"

"दर ईस्टरला जाते. बाकी सगळं सांगते."

"बाकी काय सांगता, शेजारणीची कोंबडी?"

त्यांनी ते चिडून म्हटलं होतं, पण मला हसू आलं, आणि मग रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. मग त्यांनी एक मार्ग सुचवला. तो मी लपवत नाही, कारण मला तो मोहात पाडत होता. ते म्हणाले, "मी एकशे सतरावं पान नकलेत घेतच नाही. रागुसाला लिहितो, कारागीर उत्तम, छताबद्दल आमच्याकडे नक्की काही नाही. तुमचं नाव नाही, व्हेनान्त्सोचं नाव राहतं, आणि अन्सोविनोविरुद्ध शब्द नाही. कुणाचं वाईट होत नाही."

मी विचार केला. व्हेनान्त्सोबद्दल गावात काय बोलतील त्याचा विचार केला. त्याने आपल्या भावाला खोटं ठरवलं, आणि कापणारी त्याच्या घरातच होती. त्याला आता उत्तर देता येणार नाही. मग मी विचारलं, "त्यांनी तीन प्रश्न विचारलेत. त्यांतल्या दोनांचं उत्तर दिलं नाही तर ते काय समजतील?"

त्यांनी पेला हातात घेतला.

मी म्हणाले, "बुवा, या पुस्तकात दोन खांबांमधल्या रिकाम्या जागेचंही माप लिहिलेलं असतं. रिकामी आहे म्हणून कुणी सोडत नाही. ते लोक छतं बांधणारे आहेत. मोजतील."

"मग लिहायचं काय?"

"जे झालं ते."

त्यांनी वाइन संपवली. म्हणाले, तुमच्या तोंडचं मी लिहिलं तर ती बाईची ऐकीव गोष्ट होईल, दिराच्या मायेपोटी सांगितलेली. नोटरीपुढे शपथेवर सांगा, दोन साक्षीदार आणा, मग मी तो कागद माझ्या उत्तराला जोडतो. "पण मग ते सगळीकडे होईल. मोंतालेरेलाही कळेल. विचार करा."

"विचार करूनच एकोणीस वर्षं गेली," मी म्हणाले.

नोटरी सेर बाल्दो तुम्हाला आठवत असतील, त्यांचा एक डोळा झाकलेला असतो. शुक्रवारी गेले. दोम्निका आणि तिचा नवरा साक्षीदार म्हणून आले. दोम्निकाला मी वाटेतच सांगितलं, तिथे पहिल्यांदा ऐकून तिने आरडाओरडा करू नये म्हणून. ती बाजाराच्या मधोमध थांबली. मग म्हणाली, "मी त्या अन्सोविनोला इतकी वर्षं शिव्या दिल्या गं. तुझ्यासमोर दिल्या. तू पाव घेऊन जायचीस." मी म्हणाले, "हो." ती पुढे चालायला लागली. मला वाटलं घरी गेली. पण ती सेर बाल्दोंच्या दाराशी उभी होती.

सेर बाल्दोंनी मला तीनदा विचारलं, कुणी जबरदस्ती केली का? कुणी काही देऊ केलं का? तुम्हाला तेव्हा वाचता येत होतं का? तिसऱ्याला मी म्हणाले, "येत असतं तर मी इथे नसते." त्यांनी तेही लिहून घेतलं. सगळं लिहून झाल्यावर मी कागद मागितला आणि स्वतः वाचला. एका ठिकाणी त्यांनी "कड फाटली" असं लिहिलं होतं. मी म्हणाले, "फाटली नाही. कापली. मी कापली." त्यांनी खोडून दुरुस्त केलं आणि शेजारी आपली सही केली.

शनिवारी फ्रा मानेत्तो आले. त्यांना मी पुस्तकातलं वाक्य खरडू दिलं नाही. त्यांनी चाकू काढला होता. मी म्हणाले, "खरडू नका. त्याने ते मनापासून लिहिलं होतं. खाली लिहा." मग त्याच्या दोन वाक्यांखाली मी तीन वाक्यं लिहिली, तारीख घातली आणि नाव. नकलेत पाचही वाक्यं गेली. नऊ पानांखाली तुमचं नाव घातलं. तुमची परवानगी नाही, हे मला ठाऊक आहे. रागुसाचं उत्तर नोटरीच्या कागदासह सोमवारी निघालं. जे पहिलं जहाज सुटेल त्याने जाईल. ते तुम्हाला काम देतील की नाही हे मी सांगू शकत नाही. पण तुम्ही काही झाकलं नव्हतं, हे आता त्यांच्यापुढे लिहिलेलं असेल.

कागदाची एक प्रत मी माझ्यासाठी मागून घेतली होती. ती घेऊन सोमवारी दुपारी मी फ्रा मानेत्तोंना विचारलं, चिरियाको अजून आहे का? ते म्हणाले, आहे, मोंतालेरेत दरवाज्याशी टोपल्या विणतो, लग्न झालं, दोन मुली आहेत. म्हणाले, त्याला मी कळवतो, तुम्ही त्रास घेऊ नका, रस्त्यावर बर्फ आहे.

दुसऱ्या दिवशी मी दोम्निकाच्या नवऱ्याचं खेचर मागून घेतलं आणि मोंतालेरेला गेले. चिरियाको वेशीच्या दरवाज्याशी बसून विणत होता. त्याला वाचता येत नाही. मी माझं नाव सांगितलं, आणि त्याच्यासमोर उभी राहून तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचून दाखवला.

निकोलोसा